ओम्नी साठच्या पुढे थरथरते, क्लच सोडला की खालून ‘खट्ट’ वाजतं: समस्या निवारण

आधी लक्षणं बघा. यातली एक-दोन जुळत असतील तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

• ताशी ५५-६० किलोमीटरच्या आसपास सीटखाली आणि फ्लोअरमध्ये बारीक, भरभर झिणझिण सुरू होते. स्टीअरिंग मात्र शांत असतं.
• क्लच सोडताना, किंवा ॲक्सिलरेटर सोडून परत दाबला की खालून एकच ‘खट्ट’. रिव्हर्स टाकून निघताना जास्त स्पष्ट.
• गल्लीत सावकाश चालताना चिमणीसारखं ‘चिक्-चिक्’. वेग वाढला की तेही भरभर होतं, मग गाडीच्या आवाजात हरवतं.
• मागून घुमल्यासारखा ‘हूंऽऽ’. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की सूर बदलतो, किंवा वळणावर बदलतो.
• मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने तेलाचा ओघळ, आणि ब्रेक दाबला की गाडी एकीकडे ओढते.

फक्त स्टीअरिंग हलत असेल तर पुढची चाकं बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर होत असेल तर डिस्क किंवा ड्रम बघा. त्यासाठी खालची मेहनत नको.

मारुतीची व्हॅन १९८४ साली आली आणि ओम्नी या नावाने २०१९ पर्यंत निघत राहिली, म्हणजे आज सगळ्यात नवी ओम्नीसुद्धा जुनीच म्हणायची. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामागे गियरबॉक्स, तिथून प्रोपेलर शाफ्ट (इंजिनची फिरकी मागे नेणारी लांब नळी) मागच्या हाउसिंगपर्यंत (मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी नळीपर्यंत), आणि हाउसिंग पाट्यांवर (पट्टीच्या स्प्रिंगांवर) टेकलेलं. गाडी ढकलायचं सगळं काम मागच्या चाकांचं. या रांगेतला कुठलाही दुवा सैल झाला तरी आवाज जवळपास सारखाच येतो. त्यात गाडी म्हणजे पत्र्याचा पोकळ डबा. मागच्या चाकातला आवाज गियरबॉक्समधून आल्यासारखा वाटतो आणि गियरबॉक्सचा मागून. म्हणून कानावर विसंबून शाफ्ट बदलला जातो, पैसे जातात, आवाज राहतो. पाळायचा क्रम एकच: फुकटची तपासणी आधी, पान्याची नंतर, प्रेसची (दाबयंत्राची) शेवटी.

चाकापासून सुरुवात

मागच्या रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या तांबड्या मातीत, आत चिखल बसतो आणि एकाच जागी वाळतो. मूठभर वाळलेला चिखल चाकाचं बॅलन्सिंग बिघडवायला पुरतो. पाण्याचा जोरदार फवारा मारा, लाकडी काडीने खरवडा आणि परत चालवून बघा. बऱ्याच गाड्यांचं काम इथेच संपतं.

मग हवा. दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा दाब दिलेला असतो, तोच धरा. टायर थंड असताना मोजा. टायरवरून तळवा फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं, किंवा मध्येच चढ-उतार जाणवले, तर मागून येणारी ‘हूं’ टायरची असू शकते. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर आल्यावर सूर बदलत असेल तर संशय टायरवरच धरा, कारण बेरिंगला आणि क्राउन-पिनियनला (हाउसिंगमधल्या, शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी जोडीला) खालचा रस्ता कळत नाही. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर आतल्या पट्ट्यापासून सुटतं आणि टायर एका बाजूला फुगतो. फुगवटा दिसला तर ते चाक त्याच दिवशी काढा.

आता खरी उपयोगाची चाचणी: पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे टाका. थरथर स्टीअरिंगमध्ये आली तर दोष चाकात आहे, सीटखालीच राहिली तर चाकं निर्दोष आहेत. बॅलन्सिंग करून घ्यायचं असेल तर चारही चाकांचं सांगा. पुष्कळ ठिकाणी विचारल्याशिवाय फक्त पुढची दोनच करतात, आणि इथे मागची जास्त महत्त्वाची.

चालवून निदान

रस्ता मोकळा आणि सपाट हवा, शेजारी कोणीतरी बसलेलं हवं. १४५/८० आर १२ चा टायर एका फेऱ्यात साधारण १.७ मीटर जातो. म्हणजे ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास दहा फेरे मारतं आणि प्रोपेलर शाफ्ट त्याच्या चार-पाच पट, म्हणजे चाळीस-पन्नास. म्हणून चाकाची थरथर मोजता येईल अशी असते, ‘धड-धड-धड’. शाफ्टची मोजता येत नाही. ती मोबाइल व्हायब्रेट झाल्यासारखी झिणझिणते, पायाच्या तळव्याला मुंग्या आणते. हा फरक एकदा अंगाला कळला की निम्मं निदान झालं.

थरथर ज्या वेगाला येते त्या वेगाला क्लच दाबून धरा आणि इंजिन आयडलवर येऊ द्या. चावी बंद करायची नाही, स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. थरथर लगेच थांबली तर इंजिनचे माउंटिंग रबर, क्लच किंवा इंजिनच. तशीच राहिली तर शाफ्ट, चाकं किंवा हाउसिंग.

दुसरी चाचणी त्याच वेगाला तिसऱ्या गियरवर. चार गियरच्या अशा बॉक्समध्ये चौथा गियर थेट असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, त्यामुळे चौथ्यावर दोघांची थरथर वेगळी ओळखता येत नाही. तिसऱ्यावर इंजिन जास्त फिरतं, शाफ्ट तेवढाच. थरथर तशीच राहिली तर शाफ्टकडे बोट दाखवा. इंजिन ओरडत असेल तर ताणत बसू नका, पाच-दहा सेकंद पुरतात.

‘हूं’ साठी वळण वापरा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर डाव्या चाकाचं बेरिंग, डावीकडे वळताना वाढला तर उजव्याचं. वळणाने फरक पडत नाही पण ॲक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि सोडताना दुसरा, असं असेल तर ते क्राउन-पिनियन किंवा पिनियनचं बेरिंग असतं.

आणि एकदा गाडी रिकामी चालवून बघा, एकदा भरून. सीएनजीची टाकी किंवा रोजची पोरं नेण्यासाठी मागे जादा पाटा टाकलेला असेल तर रिकाम्या गाडीची मागची बाजू उचललेली राहते, शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरू देणारा अधिक-चिन्हासारखा जोड) वाकड्या कोनात फिरतो. अशी गाडी रिकामी असताना थरथरते आणि भरली की गप्प बसते. पाटे बसलेले किंवा तुटलेले असतील तर उलटं होतं. यात क्रॉस बदलून फायदा नाही, तो काही महिन्यांत परत जाईल. आधी पाट्यांची उंची सरळ करावी लागते.

गाडीखाली जाण्याआधी

ओम्नीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे. मागची बाजू उचलली की हँडब्रेक आणि गियर, दोन्हींचा उपयोग संपला. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, सपाट आणि कडक जमिनीवरच काम करा, आणि हाउसिंगच्या नळीखाली पाट्याजवळ दोन घोड्या (जॅक स्टँड) लावून वजन त्यांच्यावर सोडा. नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालायचं नाही. विटा आणि पेव्हर ब्लॉकही नकोत. ते वाकत नाहीत, न सांगता फुटतात. घोड्या नसतील तर गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर गाडी लावून घ्या. सायलेन्सर शाफ्टच्या जवळूनच जातो, तो थंड होऊ द्या.

यू-बोल्ट, पाटे, रबर

‘खट्ट’चं सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे सैल यू-बोल्ट, म्हणजे हाउसिंग पाट्यांना आवळून धरणारे इंग्रजी ‘यू’ आकाराचे बोल्ट. क्लच सोडला की हाउसिंग स्वतःभोवती पिळायला बघतं. यू-बोल्ट ढिले असतील तर ते पाट्यावर किंचित सरकतं आणि ठोका देतं. दोन पृष्ठभागांमध्ये ताजी चकाकी किंवा गंजाचा तांबूस भुगा दिसला की समजायचं, इथे हालचाल आहे. नट गाडी चाकांवर उभी असताना, तिरप्या क्रमाने, थोडे-थोडे आवळतात. आटे गेलेला यू-बोल्ट परत आवळू नका, नवीन घ्या.

पाट्याचा सेंटर बोल्ट (पाटे मध्यावर एकत्र धरणारा) तुटला तर यू-बोल्ट घट्ट दिसूनही हाउसिंग तिरकं सरकलेलं असू शकतं. दोरीने मोजा: पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून (गुंडाळलेल्या टोकापासून) चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं यायला हवं. बोटभर फरक असेल तर सेंटर बोल्ट गेला आहे. शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश आणि गियरबॉक्सचं माउंटिंग रबर टायर लिव्हरने हलवून बघा. रबराला चीर पडली असेल किंवा ते धातूपासून सुटलं असेल तर बदला.

तेल, आणि पावसाळ्याचं पाणी

हाउसिंगचं तेल सपाट जागी, गाडी अर्धा तास उभी राहिल्यावर बघतात. वरचा भरायचा प्लग उघडा, करंगळी आत घालून खाली वाकवा. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. तेल बदलायचं असेल तरीही वरचा प्लग आधी उघडा, खालचा नंतर. वर्षानुवर्षं न उघडलेला वरचा प्लग जाम झाला असेल आणि तुम्ही खालून तेल सोडून बसलात, तर गाडी तिथेच अडकली.

बोटावर आलेलं तेल उजेडात बघा. काळपट चालतं. बारीक राखाडी लेप चालतो, तो नेहमीच्या झिजेचा. सुईच्या टोकाएवढे चमकते कण किंवा दाताचे तुकडे चालत नाहीत. तेल दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी आहे. पाणी जातं ते असं: चालून गरम झालेलं हाउसिंग तुंबलेल्या रस्त्यावर एकदम थंड पाण्यात बुडतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) किंवा सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठातून पाणी आत ओढलं जातं. पाणी मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल तर हाउसिंग ओरडायची वाट न बघता त्याच आठवड्यात तेल बदला, नाहीतर बेरिंगला गंजाचे ठिपके पडतात आणि ‘हूं’ कायमची घरात येते.

हाउसिंगच्या वरच्या बाजूला ब्रीदरची छोटी टोपी असते. चिखलाने ती बुजली की आतली गरम हवा बाहेर पडत नाही, दाब सीलवर येतो आणि तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. एका बाजूला ओढणाऱ्या ब्रेकचं मूळ बरेचदा या टोपीत असतं. ती साफ करून मोकळी फिरते का बघा. मगच नवीन ऑइल सील टाका, नाहीतर तेही गळेल. तेल लागलेले ब्रेक लाइनर घासून किंवा पेट्रोलने धुवून परत लावू नका, बदलाच.

हाउसिंगला हायपॉइड (एकमेकांवर घसरत चालणाऱ्या तिरप्या) दातांसाठीचं ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. गियरबॉक्समध्ये मात्र पुस्तकात सांगितलेलंच टाका. तिथे साधारणपणे जीएल-४ असतं, आणि जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गियर बदलताना गती जुळवणाऱ्या कड्यांना) सोसत नाहीत. एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतण्याची सवय वाईट.

शाफ्ट आणि क्रॉस

दोष इथे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून इथे वेळ द्या.

मागची चाकं उचललेली, हँडब्रेक सोडलेला, गियर न्यूट्रल. आधी शाफ्टची नळी नुसती बघा. सुतळी, प्लॅस्टिकची पट्टी, अंडरबॉडी कोटिंगचा गोळा काही चिकटलंय का? दगड लागून चेपली आहे का? चौकोनी पत्र्याचे बॅलन्स वेट जागेवर आहेत, की नुसत्या वेल्डिंगच्या खुणा राहिल्यात? सेकंदाला पन्नास फेरे मारणाऱ्या नळीला बोटभर कोटिंगसुद्धा जड होतं.

आता क्रॉस. त्याच्या चार दांड्यांवर चार कप आणि कपांत बारीक सुयांचं बेरिंग असतं. एका हाताने शाफ्टचं टोक, दुसऱ्याने फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) धरा आणि उलट-सुलट पिळा. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला काहीही लागत नाही. ‘टिक’ असं लागलं, डोळ्याला न दिसेल इतकं जरी, तरी तो गेला. मग शाफ्ट वर-खाली ढकलून बघा. कपांच्या तोंडाशी मिरचीच्या पुडीसारखा लाल भुगा दिसला तर आतल्या सुयांचं ग्रीस संपून त्या गंजल्या आहेत. ती ‘चिक्-चिक्’ तिथली. मागचा क्रॉस नीट वाटला तरी पुढचा बघा.

काही क्रॉस प्ले (ढिलेपणा) नसतानाही वाईट असतात. ते शाफ्ट काढल्यावरच कळतात: जॉइंट हाताने हलवला की मध्यावर येऊन किंचित अडकतो, जणू तिथे खाच आहे. खाच असतेच. वर्षानुवर्षं एकाच कोनात चालून सुयांनी क्रॉसच्या दांड्यावर रेघा पाडलेल्या असतात.

बदलायचा असेल तर नवीन क्रॉस घेताना जुना हातात घेऊन दुकानात जा, कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या कपांमधली लांबी व्हर्नियरने जुळवा. ‘ओम्नी-ईको एकच’ हे ऐकून घेऊ नका. क्रॉसची किंमत काहीशे रुपयांत असते, दोन्ही एकदम बदला. ग्रीस निप्पलवाला मिळाला तर चांगलं, पण मग दर सर्व्हिसला आणि पावसाळा संपल्यावर ग्रीस भरायलाच हवं.

काढण्याआधी फ्लँजच्या दोन्ही भागांवर रंगाने आडवी रेघ मारा. परत त्याच जागी बसला नाही तर नवीन क्रॉस टाकूनही थरथर येऊ शकते. मागचे चार बोल्ट काढा, शाफ्ट मागे ओढून गियरबॉक्समधून बाहेर काढा. त्या तोंडातून तेल गळतं. खाली भांडं ठेवा, तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधा, आणि शेवटी गियरबॉक्सची पातळी बघायला विसरू नका. शाफ्ट बाहेर असतानाच पुढच्या स्लिप योकचे (गियरबॉक्समध्ये सरकत बसणाऱ्या टोकाचे) आटे, म्हणजे लांब खाचा, तपासा. योक परत बॉक्समध्ये थोडा घालून पिळला आणि ठळक प्ले लागला, तर ‘खट्ट’चा वाटेकरी तोही आहे. योकचा बाहेरचा चकचकीत भाग नखाने चाचपा. खोबण पडली असेल तर नवीन सीलही गळेल.

चारही सर्क्लिप (कप अडवून धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) काढा. जॉइंट शिकंज्यात धरून एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल असा मोठा सॉकेट ठेवून दाबा. कप मोठ्या सॉकेटमध्ये निघतो. बसवताना प्रत्येक कपातल्या सुया ग्रीसने भिंतीला चिकटवून उभ्या ठेवा. एक सुई आडवी पडून तळाशी गेली की कप पूर्ण बसत नाही आणि सर्क्लिप खाचेत जात नाही. अशा वेळी हातोडी उचलायची नाही. कप काढा, सुया मोजा, परत लावा. हातोडीने बसवलेला क्रॉस पहिल्याच आठवड्यात वाजतो. सगळं बसल्यावर जॉइंट दोन्ही दिशांना स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे. आखडला असेल तर योकच्या (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्या तुकड्याच्या) कानावर लाकडी किंवा पितळी हातोडीने हलकी टिचकी द्या, कप सर्क्लिपला टेकतो आणि जॉइंट मोकळा होतो.

जीपसारख्या गाड्यांत शाफ्टच्या मध्येच सरकणारा जोड असतो, तिथे दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आणून जोडावे लागतात. एक आटा चुकला तरी थरथर राहते. ॲम्बॅसडर किंवा पद्मिनीवाल्यांनी वरचा क्रम तसाच धरावा, भाग मात्र त्या-त्या गाडीचे.

नवीन क्रॉस लवकर जात असेल तर चालवण्याकडे बघा. रिकाम्या ओम्नीचं मागचं वजन कमी. चिखलात किंवा ओल्या चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि एकदम पकड मिळते, तो झटका सरळ क्रॉसवर येतो. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा, चाकाखाली फांद्या किंवा खडी टाका, मग क्लच हळू सोडून काढा.

इथे हात आवरा

चाक बारा आणि सहा वाजताच्या जागी धरून हलवलं आणि प्ले लागला, किंवा पाट्यावर तळवा ठेवून चाक फिरवलं आणि तळव्याला खरखर जाणवली, तर बेरिंग गेलं. ते ॲक्सलवर प्रेसने चढवलेलं असतं. छिन्नी-हातोडीचं काम नाही. ते पूर्ण सुटलं तर चाक ॲक्सलसकट बाहेर येऊ शकतं, म्हणून तोवर गाडी उभी ठेवा.

पिनियनचं सील गळत असेल तरी तो मधला नट घरी उघडू नका. पिनियनच्या बेरिंगचा ताण त्या नटावर ठरलेला असतो, कमी-जास्त आवळला की आठवड्यात आवाज सुरू होतो. क्राउन-पिनियनचं बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेज या मापकाशिवाय लागत नाही. चेपलेला शाफ्ट सरळ करणं आणि बॅलन्स करणं हे शाफ्टचं काम करणाऱ्या वर्कशॉपचं काम आहे. तिथे बॅलन्सिंग मशिन आहे का, हे आधी विचारा. नुसतं लेथवर सरळ करून देणाऱ्याकडे देऊ नका.

क्रॉसचा कप बाहेर सरकलेला दिसला, सर्क्लिप गायब असली, किंवा चालताना खालून ‘खट्ट’ ऐवजी ‘धाड-धाड’ सुरू झालं, तर गाडी बाजूला घ्या आणि टोइंग बोलवा, घर दोन किलोमीटरवर असलं तरी. शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर तो फ्लोअरच्या पत्र्यावर आदळतो, आणि ओम्नीत त्या पत्र्याच्या वर माणसं बसलेली असतात.